नाकाबंदीत भावाचा फोन उघडून पाहिला, आता चौकीत ठेवून घेतलाय. वॉरंट लागत नाही का?

बार्शीची लेक

माझा धाकटा भाऊ एका मोठ्या शहरात एमपीएससीची तयारी करतो. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गेल्या महिन्यात रात्री अभ्यासिकेतून खोलीवर जाताना नाकाबंदीत त्याची गाडी अडवली. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी, सगळं दाखवलं, सगळं मुदतीत होतं. मग तिथले अंमलदार म्हणाले, "मोबाईल काढ, लॉक उघड." त्याने उघडून दिला. व्हॉट्सॲपमध्ये "माल", "गांजा" असे शब्द टाकून त्यांनी शोधलं. काही निघालं नाही. मग गॅलरी उघडली आणि अंगठ्याने सरकवत फोटो बघत बसले.

त्या गॅलरीत माझे रिपोर्ट होते. माझे उपचार त्याच शहरातल्या डॉक्टरांकडे चालू आहेत. रिपोर्ट भाऊच आणतो आणि फोटो काढून मला पाठवतो. सासरी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. अंमलदारांनी त्यातला एक कागद बोटांनी मोठा करून वाचला आणि "ही कोण तुझी?" म्हणून विचारलं. भाऊ म्हणाला, "बहीण." मग सोडून दिलं. त्याने हे मला सांगितलं तेव्हापासून मला चैन नाही. कुठल्याशा चौकात, मला कधी न भेटलेल्या माणसाने माझ्या पोटाचा रिपोर्ट वाचला. मी काय केलं होतं?

आता दुसरी गोष्ट. त्याच्या रूममेटच्या बँक खात्यावर कसल्यातरी सायबर फसवणुकीचे पैसे आले म्हणे. भावाला फोन करून बोलावलं, जबाब घेतला आणि मोबाईल ठेवून घेतला. पासवर्ड एका कागदावर लिहून घेतला. पावती नाही, पंचनामा नाही. "तपासाला लागतो, दोन दिवसांनी ये" एवढंच. आठवडा उलटून गेला. त्याच्या नोट्स त्यात आहेत, परीक्षेच्या अर्जाचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, मेसचे पैसेही तिथूनच जातात.

पोलिसांना फोन बघायला वॉरंट लागत नाही का? आणि आता करायचं काय? भाऊ घाबरलाय. नोकरी लागली तर चारित्र्य पडताळणी होणार, त्यात आडकाठी नको, असं म्हणतो.

सांगलीकर

ताई, तुमच्या रिपोर्टबद्दल वाचून वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही सांगतो. माझ्या आईचं मंगळसूत्र भर रस्त्यात हिसकावलं होतं. चोर सापडला तो नाकाबंदीत. त्याच्या फोनमध्ये दागिन्यांचे फोटो होते, सोनाराला पाठवलेले. पोलीस त्या वेळी कोर्टात वॉरंट आणायला गेले असते तर दागिना वितळून गेला असता. आईच्या मानेवरचा वळ मी पाहिलाय. ज्याच्या फोनमध्ये काही वावगं नाही त्याने दाखवायला हरकत नसावी, असं माझं प्रामाणिक मत आहे.

फौजदारी बाजू

मी वकील आहे, जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजू चालवते. ताई, तुमच्या भावाचे दोन प्रसंग कायद्यात दोन वेगळ्या ठिकाणी बसतात, म्हणून वेगवेगळे घेते.

"फोन उघडायचा तर आधी वॉरंट हवंच" असं स्वच्छ लिहिलेलं कलम आपल्याकडे नाही. पण म्हणून कुणीही कुठेही कुणाचाही फोन उघडावा असंही नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १८५ मध्ये वॉरंटशिवाय झडती घेता येते, पण कधी? एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू असला पाहिजे. त्या तपासाला लागणारी अमुक वस्तू अमुक ठिकाणी मिळेल असं मानायला सबळ कारण पाहिजे. वॉरंट आणेपर्यंत उशीर होईल अशी परिस्थिती पाहिजे. आणि ही कारणं अधिकाऱ्याने आधी लिहून ठेवायची, त्यांची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची, झडतीचं चित्रीकरण करायचं. नाकाबंदीतल्या अंमलदारांकडे यातलं काय होतं? गुन्हा कोणता होता? मोटार वाहन कायद्याने गाडीचे कागद मागता येतात. गॅलरी मागता येत नाही.

मग ते चालतं कसं? संमतीच्या नावावर. "मुलाने स्वतःच उघडून दिला" असं उद्या म्हटलं जाईल. रात्रीच्या वेळी, वर्दीतल्या चौघांसमोर, गाडीची चावी त्यांच्या हातात असताना एकट्या मुलाने दिलेल्या होकाराला मी संमती मानत नाही. कुठल्याही न्यायाधीशाने मानू नये यासाठी मी उभी राहीन. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादेत पोलीस रस्त्यावर मुलांना थांबवून चॅटमध्ये "गांजा" शोधतानाचे व्हिडिओ देशभर फिरले होते. तुमच्या भावाच्या बाबतीत घडलं ते अगदी तेच.

सांगलीकर दादा, तुमच्या आईच्या बाबतीत गुन्हा घडलेला होता, दागिन्याचं वर्णन होतं, संशयाला कारण होतं. तिथे कायदा पोलिसांचे हात बांधत नाही. फक्त कारण लिहा म्हणतो, आणि कारण लिहायला पान-अर्धं पान पुरतं. पण "काही वावगं नसेल तर दाखवा" हे मला पटत नाही. ताईंच्या भावाच्या फोनमध्ये त्याचं स्वतःचं वावगं काही नव्हतंच. तरी उघडं काय पडलं? बहिणीचं आजारपण. फोन एकाचा असला तरी आत पन्नास माणसांच्या खाजगी गोष्टी असतात, आणि त्या पन्नासांना कुणी विचारलेलं नसतं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी न्या. पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि सरकारला त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, योग्य हेतू हवा आणि गरजेपुरताच हात घालावा. ताई, हा हक्क तुमचाही आहे, नुसता फोनच्या मालकाचा नाही.

आता दुसरा प्रसंग. तपासात फोन लागत असेल तर कलम ९४ खाली ठाण्याचे प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊन तो मागू शकतात. नव्या कायद्यात संपर्काची उपकरणं असा उल्लेखच आहे. कलम १०६ खाली जप्तही करू शकतात, पण मग दंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं. कलम १०५ प्रमाणे जप्तीचं आणि त्या यादीवर पंचांच्या सह्या होण्याचंही चित्रीकरण लागतं. तुमच्या भावाकडे लेखी आदेश नाही, पंचनामा नाही, पावती नाही. म्हणजे त्याचा फोन आज कायद्याच्या भाषेत जप्त झालेलाच नाही. तो नुसता चौकीत आहे. मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती याची.

का ते सांगते. मी वाचलेल्या बहुतेक जप्ती पंचनाम्यांत फोनचं वर्णन असं असतं: "एक काळ्या रंगाचा टचस्क्रीन मोबाईल, डावे कोपऱ्यास स्क्रीन तडकलेली, दोन सिमकार्डसह, जु. वा. किं. अं. ८,००० रुपये." जुना वापरता, किंमत अंदाजे. कोयता जप्त झाला तर असंच लिहितात, तिथे ते पुरतंही. पण आठ हजारांच्या त्या वस्तूत तुमच्या भावाची कित्येक वर्षं आहेत, त्याबद्दल पंचनाम्यात एक ओळ नसते. वस्तू ताब्यात घेण्याची परवानगी आणि आत काय आहे ते वाचण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी असायला हव्यात. आपला कायदा खोली, कपाट, पेटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला आणि फोन त्यातच कोंबला गेला.

एक प्रकरण माझ्या समोरच आलं होतं. पंचनाम्यात लिहिलं होतं, सायंकाळी सहा वाजता फोन बंद करून लाखेचं सील केलं. प्रयोगशाळेच्या अहवालात त्याच रात्री पावणेअकराला फोन सुरू झाल्याची नोंद. सील असलेला फोन सुरू कसा झाला, याचं उत्तर तपास अधिकाऱ्याला साक्षीत देता आलं नाही. माझ्या अशिलाकडे पंचनाम्याची प्रत होती म्हणून हा प्रश्न विचारता आला. तुमच्या भावाकडे काय आहे?

आणि "बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा कोर्ट फेकून देईल" या भरवशावर राहू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मुंबईचे कॉरोनर मलकानी यांच्या खटल्यात फोनवरचं ध्वनिमुद्रण ग्राह्य धरलं आणि म्हटलं की पुरावा गैरमार्गाने मिळाला एवढ्यावरून तो बाद होत नाही. १९७३ च्या पूरनमल निकालातही झडतीबाबत तेच सांगितलं. त्यामुळे जे कागद करायचे ते आत्ता करा. निकालाच्या दिवशी ते करून उपयोग नाही.

उद्याच अर्ज द्या. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे, दोन प्रती. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक अधिकाऱ्यांनी, अमुक आयएमईआय नंबरचा मोबाईल ताब्यात घेतला. कोणत्या गुन्हा रजिस्टर क्रमांकात, कोणत्या कलमाखाली, हे कळवावं. जप्ती पंचनाम्याची प्रत द्यावी. फोन उघडला असल्यास कुणी, कधी, कशासाठी, हेही कळवावं. आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, तो बिलावर किंवा खोक्यावर मिळेल. भाषा नम्र ठेवा. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

निवृत्त सहायक फौजदार

वकीलबाईंनी बरोबर सांगितलं. मी खात्यात नोकरी संपवून आता गावी असतो. आतली बाजू लिहितो.

नाकाबंदीत पोरांचे मोबाईल बघायचं हे वरून कुणी लेखी देत नाही. कारवाया दाखवा असा दट्ट्या असतो आणि पोरं उघडून देतात, म्हणून सवय पडते. ती वाईट सवय आहे. मी हाताखालच्यांना ती करू दिली नाही, कारण उद्या कुणाचा फोटो बाहेर फिरला तर बोट पहिलं त्या अंमलदाराकडे जातं.

ठाण्यात मुद्देमाल कारकून असतो. जप्त झालेली वस्तू त्याच्याकडे जमा होते, रजिस्टरला नंबर पडतो, स्टेशन डायरीला नोंद होते. तुमच्या भावाचा फोन साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडला असेल तर ते साहेबांच्याही अंगलट येणारं आहे, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून लेखी अर्ज आवकला गेला की बहुतेक वेळा हालचाल होते. आवाज चढवू नका. वडिलांना किंवा मोठ्या कुणाला सोबत न्या. दुपारी जा, सकाळी बंदोबस्त आणि कोर्टाची गडबड असते.

चारित्र्य पडताळणीचं मनातून काढा. तिथे गुन्हा दाखल आहे का, खटला चालू आहे का ते बघतात. साक्षीदार म्हणून जबाब दिला म्हणून कुणाची नोकरी अडलेली मी पाहिली नाही. अर्ज दिला म्हणून तर नाहीच नाही.

फोन एकदा कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत किंवा तिच्या प्रादेशिक शाखेत गेला की वेळ लागतो. जायच्या आधी कागद पुरे करून घ्या.

बार्शीची लेक

दोघांचेही आभार. उद्या बाबा आणि भाऊ जातायत. मॅडम, एक राहिलं. त्याने पासवर्ड लिहून दिलाय. तो देणं बंधनकारक होतं का? आणि माझे मिस्टर म्हणतात, फोन लांबून पुसता येतो, तसं करून टाकू का? माझे रिपोर्ट तरी जातील.

फौजदारी बाजू

पुसू नका. काहीही झालं तरी पुसू नका. पुरावा म्हणून लागू शकणारी इलेक्ट्रॉनिक नोंद ती सादर होऊ नये म्हणून नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. आज तुमचा भाऊ साक्षीदार आहे, एका बटणाने तो आरोपी होईल. त्याच नंबरचं दुसरं सिम कंपनीकडून घेता येईल. पण आधी अर्जात तसं लिहा, म्हणजे लपवून केलं असं होणार नाही. बँकेला सांगून ॲपची जुन्या फोनवरची नोंदणी थांबवा.

पासवर्डबाबत कोर्टांची मतं एक नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मध्ये आहे, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी सांगितलं की बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने ही अशी साक्ष नव्हे. २०१० मध्ये सेल्वी निकालात नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग या चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असं ठरलं, कारण तिथे माणसाच्या डोक्यातलं काढून घेतलं जातं. पासवर्ड कशात मोडतो? बोटाने उघडणारा फोन ठशाच्या जवळ जातो, डोक्यात ठेवलेले आकडे सेल्वीच्या जवळ. कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये वीरेंद्र खन्ना प्रकरणात म्हटलं की पासवर्ड देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे. पण त्याच निकालात फोनच्या झडतीसाठी कोर्टाकडून वॉरंट घ्यावं, आणि तातडी असेल तर कारणं लिहावीत असंही बजावलं. उलट दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलं की आरोपीवर पासवर्डची सक्ती करता येणार नाही. मला दिल्लीचं म्हणणं पटतं. सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द यायचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये पत्रकारांच्या संस्थेच्या याचिकेवर न्या. कौल आणि न्या. धुलिया यांनी केंद्राला उपकरणांच्या जप्तीबाबत नियमावली आणायला सांगितलं. डिसेंबरमध्ये केंद्राने सांगितलं की ती होईपर्यंत केंद्रीय यंत्रणा सीबीआयची २०२० ची नियमपुस्तिका पाळतील. तुमच्या चौकीतले पोलीस राज्याचे. त्यांच्यापर्यंत यातलं काय पोचलंय ते तुम्हीच पाहताय.

एडिसनहून

मी मूळचा कोल्हापूरचा, न्यू जर्सीत राहतो. इथला नियम सांगतो, कारण वकीलताई जो फरक मागतायत तो इथे सर्वोच्च न्यायालयाने केला आहे. २००९ मध्ये सॅन डिएगोत डेव्हिड रायली याला गाडीच्या नोंदणीची मुदत संपली म्हणून अडवलं, पुढे अटक केली आणि त्याचा फोन उघडून त्यातल्या फोटो-व्हिडिओंवरून त्याला गोळीबाराच्या गुन्ह्याशी जोडलं. २५ जून २०१४ ला नऊही न्यायमूर्तींनी ठरवलं की अटक केलेल्या माणसाचा खिसा तपासता येतो, फोन ताब्यातही घेता येतो, पण आत बघायचं तर वॉरंट आणा. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालपत्राच्या शेवटी पोलिसांसाठी एवढंच साधं उत्तर दिलं. जीवाला धोका वगैरे खरी तातडी असेल तर सूट आहे.

पण विमानतळावर हे लागू धरत नाहीत. सीमेवरचे अधिकारी वॉरंटशिवाय फोन बघतात. त्यांच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे हाताने चाळायला संशयाचंही कारण लागत नाही, यंत्र जोडून प्रत काढायची तर रास्त संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण आणि वरिष्ठांची मंजुरी लागते. २०२४ च्या आर्थिक वर्षात त्यांनी ४७,०४७ प्रवाशांची उपकरणं तपासली. अमेरिकन नागरिकाने नकार दिला तरी त्याला देशात घ्यावंच लागतं, फोन मात्र ठेवून घेऊ शकतात. व्हिसावाल्याला परत पाठवू शकतात. माझ्या मेहुण्याला तो इकडे येतानाच मी सांगितलं होतं, लॅपटॉपवर कंपनीची लागतील तेवढीच कागदपत्रं ठेव आणि घरच्यांचे वैद्यकीय कागद फोनमध्ये ठेवू नकोस.

बार्शीची लेक

कळवते. बाबा आणि भाऊ जाऊन आले. आधी "अर्ज कशाला, सांगितलंय ना देतो" म्हणाले. बाबा आवकच्या टेबलासमोर उभेच राहिले. शिक्का मिळाला. संध्याकाळी पुन्हा बोलावलं, दोन पंच बसवले, पंचनामा केला, व्हिडिओही काढला. प्रत मिळाली. त्यावर तारीख आजची आहे, फोन घेतल्याची नाही. किंमत सात हजार लिहिली आहे. फोन प्रयोगशाळेत पाठवणार आहेत.

फौजदारी बाजू

बाबांना माझा नमस्कार सांगा. तारखेचं असू द्या. शिक्का मारलेल्या अर्जावर खरी तारीख आहे, तो जपून ठेवा, फोटोही काढून ठेवा.

आता दंडाधिकाऱ्यांसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करा. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की जप्त वस्तू ठाण्यात विनाकारण पडून राहू नयेत, पंधरा दिवस, फार तर महिना. प्रत काढून झाल्यावर मूळ फोन सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर, द्यावा अशी मागणी करा. प्रत काढतील तिचं हॅश मूल्य मागा. ही अंकाक्षरांची एक लांब ओळ असते, आतलं एक अक्षर बदललं तरी ती ओळ बदलते. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात ती लिहावीच लागते. भीमा कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फायली घातल्या गेल्याचा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये दिला, तपास यंत्रणेने तो मानला नाही आणि वाद अजून चालू आहे. जप्तीच्या वेळची ही ओळ हातात असणं किती मोलाचं, ते त्यावरून समजा.

आणि तुमच्यासाठी, ताई, अर्जात एक वेगळा परिच्छेद घाला. तो असा: "सदर मोबाईलमध्ये अर्जदाराच्या बहिणीची वैद्यकीय कागदपत्रे आहेत, तिचा या गुन्ह्याशी कोणताही संबंध नाही. तरी तपासासाठी फक्त संबंधित रूममेटशी झालेले संदेश आणि फिर्यादीत नमूद कालावधीतील व्यवहार एवढ्याचीच प्रत काढण्याचे आदेश व्हावेत, उर्वरित मजकूर व छायाचित्रे पाहू अथवा दोषारोपपत्रास जोडू नयेत." कोर्ट हे देईलच असं वचन मी देत नाही. पण मागितल्याशिवाय मिळणार नाही, आणि सरकारी वकिलांना याला विरोध करायचा तर कारण लिहून द्यावं लागेल.